शॉवरला गरम पाणी येत नाही? गिझर खोलण्याआधी या चुका टाळा

थंडी पडली की सकाळी साडेसहापासून फोन सुरू होतात. "गिझर गेलाय, येताना कॉइल घेऊनच या." मी पाणी तापवणारी ती कॉइल नेतो, पण बऱ्याच घरांत ती पिशवीतून बाहेर काढायची वेळच येत नाही. पाणी तापतच नाही, हे एक दुखणं. तापलेलं पाणी शॉवरपर्यंत पोचत नाही, हे दुसरं. यातलं कुठलं आहे ते न बघता पान्हा हातात घेणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ती घरमालक करतात आणि नवे कारागीरही करतात.

हे बघायला काही लागत नाही. गिझर पुरेसा वेळ चालू ठेवा आणि बादलीचा गरम नळ एकटाच सोडा. बादलीत कढत पाणी आणि शॉवरला कोमट, असं असेल तर गिझरला हात लावू नका. दोष डायव्हर्टरमध्ये (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा खटका) किंवा मिक्सरच्या कार्ट्रिजमध्ये (गरम-थंड पाणी मिसळणारा आतला भाग) आहे. बादलीतही कोमटच आलं, तर गिझरमधून निघणाऱ्या पाइपला जपून बोट लावून बघा. तिथे चटका बसतो आणि नळाला कोमट येतं, याचा अर्थ वाटेत कुठेतरी थंड पाणी मिसळतंय.

वाघोलीतल्या एका घरी नेमकं हेच झालं होतं. सातवा मजला, घरात काका-काकू दोघंच. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा भाग) बदलला, दुसऱ्याने कॉइल बदलली, तिसऱ्याने सरळ नवा 25 लिटरचा गिझर बसवून दिला. तरी शॉवर कोमटच. काकू म्हणाल्या, "दादा, आता बदलायचं काय राहिलंय ते तरी सांगा." मी आधी एमसीबी पाडून गिझरची वीज तोडली, त्याला थंड पाणी देणारा इनलेट कॉक पूर्ण बंद केला आणि बादलीचा गरम नळ सोडला. गिझरला पाणीच मिळत नाही म्हटल्यावर धार क्षणभरात थांबायला हवी. ती थांबली नाही. मिनिटभर झालं तरी चांगली जोरात, आणि गार. म्हणजे गरम लाइनमध्ये दुसरीकडून थंड पाणी घुसत होतं.

ते सापडलं कमोडशेजारी. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मुलाने तिथे गरम-थंड मिक्सरवर जेट स्प्रे बसवून दिला होता. स्प्रेचा खटका सोडला की पाणी थांबतं, म्हणून मिक्सरची दांडी कायम अर्ध्यावर उघडी राहायची. खटका बंद आणि दांडी उघडी राहिली की त्या मिक्सरच्या पोटात गरम आणि थंड लाइन एकमेकींना जोडल्या जातात. थंड लाइनचा जोर जास्त असेल, तर थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं. मी दांडी खाली दाबली. बादलीतली धार बारीक झाली, थेंब पडले, थांबली. इनलेट उघडून शॉवर सोडला तर काकांना हात मागे घ्यावा लागला. चांगला चालणारा जुना गिझर तोवर भंगारात गेला होता, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून कुठल्याही घरी माझी सुरुवात या एका चाचणीने होते: वीज बंद, इनलेट बंद, गरम नळ उघडा. मगच स्क्रूड्रायव्हर.

दुसरी चूक दुकानातच होते. 3 लिटरचा इन्स्टंट गिझर लहान, स्वस्त, म्हणून लोक तो बाथरूमला लावतात आणि वर मोठा शॉवर. "दोन-तीन मिनिटांत गरम" हे खरं आहे, पण ते आत साठलेल्या 3 लिटरपुरतं. ते संपलं की 3 किलोवॅटची कॉइल वाहतं पाणी तापवायला लागते. शॉवरमधून मिनिटाला 9 लिटर पाणी जात असेल, तर ती त्याला जेमतेम 5 अंश वर नेते. 20 अंशांचं पाणी 25 होतं. कुठलाही मेकॅनिक यात काही करू शकत नाही. तो गिझर स्वयंपाकघराच्या सिंकला लावा आणि बाथरूमला साठवणीचा घ्या.

आणि साठवणीचा घेतलात तर त्याला वेळ द्या. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला 2 किलोवॅटच्या कॉइलला वीस-बावीस मिनिटं लागतात, 25 लिटरला पस्तीसच्या वर. पाच मिनिटांत नळाखाली बोट धरायचं आणि "तापत नाही" म्हणत कव्हर उघडायचं, हे कृपा करून करू नका. त्या कव्हरखाली 230 व्होल्ट असतात.

लाल दिवा लागला म्हणजे कॉइल ठीक, असंही समजू नका. बऱ्याच गिझरमध्ये कॉइल तुटली तरी दिवा लागतो. वीज पूर्ण बंद करून, कॉइलच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. 2 किलोवॅटची कॉइल साधारण 26 ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर ती गेली.

गिझर फार तापला की वीज तोडणारा कटआउट उडाला असेल, तर त्याचं बटण एकदा दाबा. पुन्हा उडालं तर दाबत बसू नका, थर्मोस्टॅट किंवा कॉइलवरचा क्षार बघा. गिझर 6 अँपिअरच्या सॉकेटवर कधीच नको.

इनलेट आणि आउटलेटचे पाइप उलटे जोडलेले असतील, तर गार पाणी टाकीत वर पडतं आणि तळातलंच पाणी बाहेर येतं. बाथरूम नव्याने केल्यावर शॉवर कोमट झाला असेल, तर पहिला संशय यावर घ्या.

टँकर-बोअरच्या पाण्याने कॉइलवर खडूसारखा थर चढतो. तो काढायला टाकीत संडासचं ॲसिड ओतणारे मी पाहिलेत. क्षार जातो आणि सोबत टाकीही जाते. कॉइल बाहेर काढून खरवडा आणि तेव्हाच टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी बघा. कांडी झिजून तार उरली असेल तर बदला.

गॅस गिझर पेटत नसेल तर आधी सेल बदला, मग शॉवरची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. पाण्याचा जोर कमी पडला तर तो पेटतच नाही. पण तो बंद बाथरूमच्या आत टांगलेला असेल, तर मी दुरुस्त करत नाही, आधी बाहेर काढायला सांगतो. गॅस जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि दाराला आतून कडी असते. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

शेवटचं, सेफ्टी व्हॉल्व्हचं. पाणी तापताना त्यातून थेंब गळतात आणि ते गळायलाच हवेत, कारण तापलेलं पाणी फुगतं. फरशी ओली होते म्हणून काहीजण तिथे प्लग ठोकतात. मग थर्मोस्टॅट अडकला आणि कटआउटही उडाला नाही, तर वाफेला वाट उरत नाही, टाकी फुटते. असा प्लग दिसला की तक्रार कसलीही असो, मी आधी वीज बंद करतो, टाकी गार होऊ देतो, तो प्लग काढतो आणि व्हॉल्व्हला एक बारीक नळी जोडून ती मोरीत सोडतो.