मोर्सचा तक्ता भिंतीवर लावू नका

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परीक्षेला बसणारे बहुतेक जण नियमांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची धास्ती घेतात. खरं तर तो अभ्यास रेटून होतो. मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची संदेशलिपी, रेटून होत नाही, कारण ती पाठांतराची गोष्टच नाही. लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही. जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांची, ऐकून घेण्याची आणि पाठवण्याची परीक्षा असते. (अर्ज भरण्याआधी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरची चालू सूचना मात्र वाचून घ्या.) २००३ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली, तरी हॅमच्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर) ती आजही जोरात चालते. एसएसबीला, म्हणजे बोलून संपर्क करण्याच्या पद्धतीला, अडीच किलोहर्ट्झच्या आसपास जागा लागते, मोर्सला दीडशे हर्ट्झसुद्धा पुरते. सगळी शक्ती तेवढ्याशा पट्टीत एकवटते, म्हणून ५ वॅटवर परदेशी स्टेशनशी गाठ पडते.

आता शिकण्याबद्दल. ठिपके-रेघांचा तक्ता पाठ केला की डोकं प्रत्येक आवाजाचे आधी ठिपके मोजतं, मग तक्ता आठवतं, मग अक्षर लिहितं. मिनिटाला ५-६ शब्दांपर्यंत हे निभतं. १० च्या आसपास गाडी अडते आणि मग सगळं पुसून पुन्हा शिकावं लागतं. म्हणून सुरुवातीपासून अक्षर हा एक आवाज म्हणून ऐका: के म्हणजे ‘डाडिडा’, एम म्हणजे ‘डाडा’ (डा म्हणजे रेघ, डि किंवा डिट म्हणजे ठिपका). कॉख पद्धतीत ही दोनच अक्षरं आधी घेतात, पण प्रत्येक अक्षर १८-२० शब्दांच्या वेगाने वाजवून. अक्षरांमधली जागा मात्र लांबवायची. यालाच फार्न्सवर्थ म्हणतात. शंभरातली नव्वद अक्षरं बरोबर आली की तिसरं अक्षर घ्या. सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पंधरा मिनिटं. रविवारी एकदम दोन तास बसून काही हाती लागत नाही.

एस, एच आणि ५ (तीन, चार, पाच डिट) यांत सगळ्यांचाच घोळ होतो. तिथे मोजायचा मोह होतो, तेव्हा वेग आणखी वाढवा. मोजायला वेळच उरला नाही की कान लांबी ओळखायला लागतो. अक्षर सुटलं तर रेघ मारा आणि पुढे चला. सुटलेलं आठवत बसलात तर पुढची तीन जातात.

परीक्षेचा एक सापळा लक्षात ठेवा. पाच अक्षरांचा एक शब्द धरतात, म्हणून मिनिटाला ८ शब्द म्हणजे पाच मिनिटांत दोनशे अक्षरं. तिथे अक्षरंही संथ वाजली, तर डिट १५० मिलिसेकंदांचा होतो. २० च्या वेगाला तो ६० चा असतो. वेगवान अक्षरांना सरावलेला कान या ओढलेल्या आवाजाने गोंधळतो. शेवटचे आठ-दहा दिवस मुद्दाम संथ अक्षरं ऐका.

पाठवणं महिनाभर उशिरा सुरू केलं तर उत्तम, कारण चांगला ताल कानात बसल्याशिवाय हाताला तो येत नाही. माप असं: डा तीन डिटांइतका, अक्षरातल्या आवाजांमध्ये एक डिट जागा, दोन अक्षरांमध्ये तीन, शब्दांमध्ये सात. नवशिक्या ही जागाच खातो. ‘ए’ आणि ‘एन’ चिकटले की समोरच्याला ‘पी’ ऐकू येतो. सरावाला साधी मोर्स की (दाबायची कळ) घ्या. ती लाकडी फळीवर पक्की बसवा, हाताचा कोपर टेबलावर टेकवा आणि मनगटातून दाबा; नुसत्या बोटांनी दाबलं तर दहा मिनिटांत हात आखडतो.

ऑसिलेटर, म्हणजे सरावाला सूर काढणारं सर्किट, घरीच बनवा. ५५५ आयसीच्या ८ आणि ७ पिनमध्ये १ किलोओहम, ७ आणि ६ मध्ये १० किलोओहम, २ आणि ६ जोडून तिथून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड. ४ ही पिन ८ ला, १ ग्राउंडला. ३ नंबरवरून १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरडमधून ८ ओहमचा स्पीकर. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन तारेत की टाका. सूर ६८० हर्ट्झच्या जवळ येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ हे सगळं सुटं मिळतं.

लायसन्स आल्यावर ४० मीटर बँडचा डायपोल (मधून दोन सारख्या बाजूंत विभागलेली तारेची अँटेना) सर्वांत सोपा. तारेची एकूण लांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ: ७.०३ साठी २०.३४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.१७. कापताना वीस-तीस सेंटीमीटर जास्तच ठेवा. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते याचं माप) सर्वांत कमी ६.९ मेगाहर्ट्झला आला तर तार लांब आहे. दोन्हीकडून सारखी थोडी थोडी कापा. कोकणात खारी हवा अँटेनाला जोडणाऱ्या केबलच्या, म्हणजे कोअॅक्सच्या सांध्यात शिरते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर चढतो, म्हणून सांधा रबर टेपने गच्च बंद करा. विजेच्या तारांजवळ अँटेना टाकू नका, आणि पडली तरी त्या तारांपर्यंत पोहोचणार नाही एवढं अंतर ठेवा.

७.०३० मेगाहर्ट्झच्या आसपास संध्याकाळनंतर लांबची स्टेशनं उघडतात, भर दुपारी जवळचीच. आधी नुसतं ऐका, मग ‘क्यूआरएल?’ (ही जागा वापरात आहे का?) विचारा, कोणी अडवलं नाही तर सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) द्या. जितक्या वेगाने घेता येतं तितक्याच वेगाने पाठवा, कारण उत्तर त्याच वेगाने येतं. वेग झेपला नाही तर ‘क्यूआरएस’ (सावकाश पाठवा) म्हणा. जुने लोक लगेच संथ होतात. लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आत संपर्क झाला असेल तर तारीख आदल्या दिवसाची पडते.