पोर्ट करण्याआधी घरातली रेंज स्वतः मोजा, ती कशी मोजायची ते सांगतो

"कुठलं सिम घेऊ?" हे मला महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतं, आणि दरवेळी त्याला आधीच कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की अमुकच घे, पणजीत झकास चालतं. पणजीत चालतंच हो. पण तुम्ही राहता गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, केरीला नाहीतर नगरगावला, चिऱ्याच्या भिंती, मागे डोंगर, पुढे कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, तिथे पणजीतल्या स्पीड टेस्टचा काय उपयोग? घरातले, शेजारचे, नात्यातले असे वीसेक नंबर मी आतापर्यंत पोर्ट केलेत, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदललीय, त्यावरून सांगतोय.

प्लॅनची तुलना सगळ्यात शेवटी करा, पन्नास रुपयांच्या फरकासाठी नेटवर्क निवडू नका. आधी कंपन्यांच्या वेबसाइटवरचे कव्हरेज मॅप आणि सरकारचं तरंग संचार पोर्टल बघा, तिथे आसपासचे टॉवर दिसतात. मॅपचा उपयोग एवढाच, की जी कंपनी मॅपवरसुद्धा तुमच्या गावात नाही ती यादीतून काढायची. मॅपवर आहे म्हणजे घरात आहे असं अजिबात समजू नका.

आता मोजणं. इथेच मी फसलो होतो.

एका जूनमध्ये आईचा नंबर मी दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला. त्याआधी नव्या कंपनीचं सिम आणून बलकावात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, उभं राहून बघितलं होतं, सिग्नलच्या चारही दांड्या फुल, व्हिडिओ धडाधड चालला, मी खूश. नंबर पोर्ट झाल्यावर पहिल्याच रात्री कळलं की मधल्या खोलीत फोन लागतच नाही आणि स्वयंपाकघरात तर बँकेचा ओटीपीसुद्धा येत नाही. परत फिरायचं म्हटलं तर नियम असा, की एका कंपनीत ९० दिवस झाल्याशिवाय पुढचा पोर्ट होत नाही. म्हणजे अख्खा पावसाळा. रोज रात्री आई छत्री घेऊन अंगणात तुळशीपाशी उभी राहायची आणि मावशीशी बोलायची, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन, आणि पाऊस जोरात आला की "ऐकू येत नाय गो" म्हणून ठेवून द्यायची. ते बघून मला अजून वाईट वाटतं. म्हणून पुढचं नीट वाचा.

दांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो, ते सिग्नलची ताकद मोजायचं माप. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलात की सिग्नल स्ट्रेंथ दिसते, काही फोनमध्ये ते एक पायरी आत असतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्ट उघडतं, त्यात आरएसआरपी शोधा, तोच ४जी-५जी सिग्नलच्या ताकदीचा आकडा. आकडा उणे असतो, म्हणजे उणे ८५ हे उणे ११५ पेक्षा चांगलं, आणि हा फरक तीसचा दिसला तरी सिग्नलच्या ताकदीत तो हजारपटीचा असतो, कारण दर ३ आकड्यांना ताकद निम्मी होते. माझा हिशोब असा: उणे ९५ पर्यंत निवांत, उणे १०५ च्या पुढे आवाज तुटायला लागतो, उणे ११५ असेल तर ते सिम त्या खोलीत नाहीच असं समजा.

मोजायचं कुठे? जिथे फोन खरोखर वापरला जातो तिथे, म्हणजे उशाशी, स्वयंपाकघरात, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत. दार-खिडक्या बंद करून. मोजायचं कधी? एकदा सकाळी, एकदा रात्री आठ ते दहाच्या मध्ये, आणि एकदा पाऊस लागलेला असताना, कारण ओली भिंत आणि ओली झाडं सिग्नल जास्त खातात. आणि लाइट जाऊन दोन-तीन तास झाले की पुन्हा बघा, टॉवरची बॅटरी कुणाची टिकते ते तेव्हाच कळतं. सत्तरीत राहणाऱ्याला पावसाळ्यात याच्याइतकी महत्त्वाची माहिती दुसरी नाही.

सगळी सिमं एकाच फोनमध्ये घालून मोजा, हे फार महत्त्वाचं. एकाचा महागडा फोन आणि दुसऱ्याचा आठ हजारांचा, अशी तुलना केलीत तर तुम्ही अँटेना मोजताय, नेटवर्क नाही. आणि तो फोन जुना, कपाटात पडलेला घ्या. रोजच्या फोनमधलं सिम काढलंत की बँकेची आणि यूपीआयची ॲप्स पुन्हा व्हेरिफिकेशन मागू शकतात, ती डोकेदुखी नको. सिमं कुठून आणायची? चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर भरलेलं असतं, तेव्हा सगळ्या कंपन्यांची सिमं आयतीच ओसरीवर बसलेली असतात, दहा-दहा मिनिटं मागून घ्या. नाहीतर सगळ्यात छोट्या पॅकचं नवीन सिम घेऊन आठवडाभर वापरा, तेवढा खर्च करायची तयारी ठेवा.

शेवटी प्रत्येक खोलीतून पाच मिनिटं बोला आणि आवाज तुटतो का ते समोरच्याला विचारा.

हे असं का होतं तेही सांगतो. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात, १८००, २१००, २३०० च्या कमी शिरतात, आणि ५जीचा जो ३५०० चा पट्टा आहे तो तर जाड भिंतीपाशीच दमतो. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, बीएसएनएलचं नवीन ४जी ७०० आणि २१०० वर. त्यामुळे रस्त्यावर ५जी पळतंय म्हणून खूश होऊ नका. कळंगुट-बागा भागात राहत असाल तर तुमचा प्रश्न वेगळा, तिथे डीबीएम चांगलाच असतो पण डिसेंबरअखेर एवढी गर्दी होते की नेट रांगतं, तिथे रात्रीचा स्पीड बघा.

आता फोन. तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा भाऊ किंवा अमेरिकेतला नातेवाईक फोन आणतो तेव्हा तो लॉक आहे का, म्हणजे एकाच कंपनीच्या सिमवर चालतो का, ते पैसे द्यायच्या आधी बघा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये कॅरिअर लॉकसमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' हवं. अँड्रॉइडमध्ये इथलं सिम घाला, अनलॉक पिन मागितला तर लॉक आहे. अमेरिकेत हप्त्यावर घेतलेला फोन हप्ते संपेपर्यंत सहसा तिथल्या कंपनीला बांधलेला असतो आणि तो नीट मोकळा तीच कंपनी करू शकते. सिमखाली पातळ चिप सरकवून "अनलॉक करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, एक अपडेट आला की फोन पुन्हा बंद. ब्रिटनमधल्या स्विंडनहून येणाऱ्या फोनची काळजी कमी, तिथे डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे.

अमेरिकेतल्या आयफोन १४ ला सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम. आणि अनलॉक असला तरी इथे व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून होणारा कॉल, चालतं का ते कॉल लावून बघा, कारण जिओला २जी-३जी नाहीच, व्हीओएलटीई नसेल तर नेट चालेल पण साधा कॉल लागणार नाही. कुणाचा वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# ने आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढा आणि इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा, इथे ब्लॉक केलेला असेल तर कळतं.

पोर्ट करणं सोपं आहे. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर १९०० वर पाठवा, कोड येतो, तो ४ दिवस चालतो, आधार घेऊन दुकानात जा. पोस्टपेडचं बिल आधी भरा. नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर ७ दिवस कोड मिळत नाही. गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो, त्यामुळे सावंतवाडीत घेतलेला नंबर असला तरी तीन कामाच्या दिवसांत होतो. जुनं सिम बंद पडलं की नवीन घाला, काही तास दोन्ही बंद राहतात, तर त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका. घरात फायबरचं इंटरनेट असेल तर वाय-फाय कॉलिंग लगेच चालू करा, म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो. आईच्या फोनवर मी ते आता केलंय, ती स्वयंपाकघरात बसूनच मावशीशी बोलते.