मोसंबी-संत्र्यासाठी विजेचा ज्यूसर कसा निवडावा

मोसंबी, संत्री आणि लिंबू यांचा रस घरी काढण्यासाठी विजेवर चालणारा ज्यूसर घ्यायला गेले की दुकानात पहिला प्रश्न किती वॉटचा हवा हा येतो, आणि निवड तिथेच बिघडते. या यंत्राच्या बाबतीत वॉट हा जवळजवळ शेवटी पाहण्याचा आकडा आहे. आपल्या घरात कोणते फळ जास्त येते आणि त्या फळाची अर्धी फोड यंत्राच्या शंकूवर, म्हणजे फोड ज्यावर दाबतात त्या फिरणाऱ्या टोकदार भागावर, कशी बसते, हे आधी पाहावे. रसाचे प्रमाण, चव आणि यंत्राचे आयुष्य या तिन्ही गोष्टी त्यावरच ठरतात.

पहिली पायरी: यंत्राचा प्रकार

ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडरची जाळी मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरते. तिच्यात मोसंबी सोलून घालावी लागते, बिया फळाबरोबर भरडल्या जातात आणि रस कडवट व फेसाळ होतो. फळ हळूहळू दाबून रस काढणारा कोल्ड प्रेस ज्यूसर गाजर, डाळिंब किंवा आवळ्यासाठी उत्तम असतो, पण त्यातही मोसंबीची साल काढावीच लागते. मोसंबी आडवी कापून शंकूवर दाबायची, हाच सर्वांत सोपा आणि स्वच्छ मार्ग आहे. त्यामुळे लिंबूवर्गीय फळांपुरता विचार असेल, तर शंकूचाच ज्यूसर घ्यावा. महिन्यातून एखाद्या वेळीच रस काढणाऱ्या घराने तर विजेचे यंत्र घेऊच नये. लिव्हरने दाबायचा हाताचा ज्यूसर त्यांना पुरेसा आहे.

दुसरी पायरी: शंकू

याच टप्प्यावर मला सर्वांत जास्त अडखळायला झाले, कारण खोक्यावर शंकूविषयी कामाचे काहीही छापलेले नसते आणि विक्रेतेही त्याबद्दल बोलत नाहीत.

आधी आकार पाहावा. आपल्याकडची मोसंबी साधारण सहा ते आठ सेंटिमीटर व्यासाची असते, तर कागदी लिंबू जेमतेम चार सेंटिमीटरचे. एकच शंकू या दोन्ही फळांना नीट बसू शकत नाही. शंकू मोसंबीच्या फोडीपेक्षा फार अरुंद असेल, तर मधला गर निघतो आणि कडेचा तसाच राहतो. मग आपण हात तिरका करून फळ बाजूने दाबू लागतो. रस थोडा वाढतो खरा, पण तो दाब शंकू फिरवणाऱ्या आसावर (दांड्यावर) आडवा पडतो आणि काही महिन्यांत शंकू डुगडुगू लागतो. याउलट लिंबासाठी शंकू फार रुंद असेल, तर फोड वरच्या टोकावरच अडकते आणि तिची कड फाटते. म्हणून मोठ्या शंकूच्या आत लहान शंकू बसवलेला असावा आणि दोन्ही स्वतंत्रपणे वापरता यावेत. मोठा शंकू लहानावर बसवून हलक्या हाताने फिरवून पाहावा. तो घट्ट अडकला पाहिजे. सैल बसणारा शंकू दाबाखाली घसरतो. मोटर फिरत राहते आणि फळ जागच्या जागी थांबते.

त्यानंतर शंकूवरच्या कडा बोटाने चाचपाव्यात. धारदार आणि खोल कडा असलेला शंकू दुकानात दिसायला दमदार वाटतो, परंतु माझ्या मते तो घरी आणूच नये. मोसंबीच्या गराभोवती सालीच्या आत पांढरा, कापसासारखा थर असतो. गर संपल्यावर धारदार कडा तो थर खरवडू लागतात, आणि रसाच्या कडवटपणाचे एक मोठे कारण इथेच आहे. या थरात, फोडींच्या पापुद्र्यांत आणि बियांमध्ये एक द्रव्य असते. ते स्वतः कडू नसते, पण रसाच्या आंबटपणात मिसळल्यावर हळूहळू त्याचे लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होते. म्हणूनच काढल्या काढल्या गोड लागणारा रस तास-दोन तासांनी कडू लागतो. अशा वेळी लोक मोसंबी विकणाऱ्याला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोष शंकूचा आणि तो दाबणाऱ्या हाताचा असतो. गोलसर, उथळ कडांचा शंकू पांढऱ्या थरापाशी आला की घसरतो, आणि तेच आपल्याला हवे असते.

नागपुरी संत्र्याचा विचार वेगळा करावा लागतो. मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते, तर संत्र्याची साल सुटी आणि पोकळ. संत्र्याची अर्धी फोड शंकूवर ठेवून जोरात दाबली, तर आतला गर सालीपासून सुटून शंकूबरोबर फिरू लागतो, पापुद्रे उपटून निघतात आणि गाळणी तुंबते. यासाठी पाचही बोटांनी साल बाहेरून कवटाळून हलका दाब द्यावा लागतो, आणि तशा हलक्या दाबावरही मोटर सुरू राहिली पाहिजे. काही यंत्रांची मोटर शंकू बराच खाली दाबल्याशिवाय चालू होत नाही. ती यंत्रे संत्र्यासाठी निरुपयोगी आहेत. अंबिया आणि मृग या दोन्ही बहारांची (हंगामांची) संत्री ज्यांच्या घरी पेटीने येतात, त्या विदर्भातल्या वाचकांनी ही एक गोष्ट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जालन्याकडची मोसंबी घेणाऱ्यांना मात्र हा प्रश्न फारसा येत नाही.

शंकूची परीक्षा फळाशिवाय होत नाही. दुकानात जाताना एक मोसंबी, एक लिंबू आणि हंगाम असेल तर एक संत्रे बरोबर न्यावे, आणि यंत्र चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा. बरीच दुकाने नमुन्याचे यंत्र बाहेर ठेवतात. फोड दाबून झाल्यावर रसाकडे पाहू नये, उरलेले साल उलटे करून पाहावे. आत पांढरा थर अखंड असावा, त्यावर पापुद्र्यांच्या रेघा दिसाव्यात आणि गराचा केशरी-पिवळा अंश कडेला फारसा राहू नये. साल आतून खरवडलेले किंवा फाटलेले दिसले, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ते यंत्र तिथेच ठेवावे.

तिसरी पायरी: मोटर आणि तिची दिशा

घरगुती शंकूच्या ज्यूसरची मोटर बहुधा 25 ते 40 वॉटची असते आणि ते पुरेसे असते. गिअरमुळे शंकूचा वेग मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो, आणि वेग जितका कमी तितकी त्याच वॉटमध्ये पिळण्याची ताकद अधिक मिळते. त्यामुळे जास्त वॉटचे पण वेगाने फिरणारे यंत्र अधिक रस काढेलच असे नाही.

दिशा बदलण्याचा गुण मात्र जरूर तपासावा. दोन्ही बाजूंनी फिरणारा शंकू गर अधिक नीट सोडवतो. हात उचलून पुन्हा दाबल्यावर दिशा बदलणारे यंत्र चांगले. काही स्वस्त यंत्रांत मोटर दाबाखाली क्षणभर अडते आणि अचानक उलटी फिरू लागते, त्यामुळे मनगटाला झटका बसतो आणि फोड निसटते. हा दोष ओळखण्यासाठी मोसंबीवर दाब हळूहळू वाढवत न्यावा. आवाज जड होणे ठीक आहे, पण शंकू थांबून उलटा फिरता कामा नये. घरात संधिवाताचे कोणी असेल आणि तळव्याने दाबणे अवघड जात असेल, तर वरून लिव्हरने झाकण दाबायचे मोठे यंत्र घ्यावे. मात्र लिव्हरमुळे जोर नकळत जास्त लागतो आणि साल पिळले जाऊन रस कडू होतो, हे वापरणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.

किती मिनिटे सलग चालवता येईल, ते तळाच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेले असते. काही यंत्रांवर ‘केबी’ या अक्षरांपुढे मिनिटांचा आकडा असतो. सणासुदीला वीस-पंचवीस जणांसाठी रस काढायचा असेल, तर तेवढ्या वेळानंतर यंत्र थंड होऊ द्यावेच लागते.

चौथी पायरी: भांडे आणि गाळणी

भांड्याच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा पाहावा. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतले तेल पॉलिस्टायरिन जातीच्या प्लास्टिकला खाते. त्याचा आकडा 6 असतो, आणि असे काचेसारखे चकचकीत भांडे काही काळात धुरकट होऊन तडकते. पॉलिप्रोपिलीनचे, म्हणजे 5 आकड्याचे, भांडे दिसायला साधे असले तरी टिकते. स्टीलची गाळणी आणि स्टीलचे भांडे मिळत असेल तर प्रश्नच मिटला. ॲल्युमिनियमचा शंकू घेऊ नये, कारण आंबट रसाची त्या धातूवर प्रक्रिया होते.

गाळणीच्या फटी कमी-जास्त करता येत असतील तर उत्तम, पण निव्वळ तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. तोटीतून थेट पेल्यात रस पडणारे यंत्र असेल, तर घरचा सर्वांत उंच पेला तोटीखाली मावतो का, ते पट्टीने मोजावे. एका पेल्याला मध्यम आकाराच्या दोन-तीन मोसंब्या लागतात. चौघांच्या घराला पाऊण ते एक लिटरचे भांडे पुरते.

पाचवी पायरी: वीज आणि सेवा

भारतात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ लिहिलेलेच यंत्र घ्यावे. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला 120 व्होल्टचा ज्यूसर इथल्या सॉकेटला जोडल्यास मोटर जळते, आणि त्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर स्वयंपाकघराच्या ओट्यावर अडचण करतो.

शंकू आणि गाळणी सुटे भाग म्हणून आपल्या शहरात मिळतात का, हे विचारावे. मोटरची हमी छापलेली असते, पण आधी तुटते ती गाळणीची कडी, आणि ती मिळाली नाही तर चांगली मोटरही अडगळीत जाते.

धुण्याचे भाग पाण्याखाली धरता यावेत आणि मोटरच्या आसाभोवती रस साचणारी खाच नसावी, एवढे पाहिले की पुरे. यंत्र घरी आल्यावर खोके आणि पावती जपून ठेवून, परत करण्याची मुदत संपण्याआधीच किलोभर मोसंबी त्यात काढून पाहावी. आस गरम होऊन जळका वास आला, किंवा रस झिरपून मोटरच्या बाजूला ओल दिसली, तर दुरुस्तीचा पर्याय न स्वीकारता यंत्र बदलूनच मागावे.