ऑस्ट्रेलियाची अपंगत्व पेन्शन घेताना परदेश प्रवासाचे नियोजन कसे करावे

ऑस्ट्रेलियात डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन घेणाऱ्या व्यक्तीला घरच्या लग्नकार्यासाठी पुण्याला किंवा नागपूरला यायचे असेल, तर तिने तिकीट काढण्याआधी दिवसांचा हिशेब करावा. १ जानेवारी २०१५ पासूनच्या नियमानुसार ही पेन्शन परदेशात साधारणपणे कोणत्याही १२ महिन्यांत मिळून २८ दिवसच चालू राहते. हे १२ महिने कॅलेंडर वर्षाचे नसतात आणि आर्थिक वर्षाचेही नसतात, तर त्या त्या दिवसापासून मागे मोजायचे असतात. दिवाळीला तीन आठवडे राहून आलेल्या माणसाने पुढच्या मे महिन्यात पुन्हा दोन आठवडे काढले, तर शेवटच्या आठवड्याची पेन्शन त्याला मिळत नाही. म्हणून मागच्या सर्व प्रवासांच्या तारखा आधी कागदावर मांडाव्यात.

त्यानंतर जाण्याची आणि परतण्याची तारीख सेंट्रलिंकला, म्हणजे ही पेन्शन देणाऱ्या सरकारी सेवेला, कळवावी. देशाबाहेर गेल्याची नोंद सरकारी यंत्रणेकडून तिथे पोहोचतेच, त्यामुळे न सांगण्याने काही साधत नाही. कुटुंबातील गंभीर संकट किंवा उपचार यांसाठी जायचे असेल, तर कारण आणि कागदपत्रे निघण्यापूर्वीच द्यावीत, कारण अशा प्रसंगी वेगळी सवलत मिळू शकते.

खरी काळजी घ्यायची ती पुढच्या टप्प्यावर. परदेशात कितीही काळ राहून पेन्शन चालू ठेवण्याची परवानगी काहींना मिळते. त्यासाठी अपंगत्व तीव्र असावे लागते आणि पुढील किमान पाच वर्षे काम करता येणार नाही, असे ठरावे लागते. हा अर्ज केवळ प्रवासाचा आहे असे समजून अनेकजण तो सहज करतात, पण त्यातून वैद्यकीय पात्रतेची नव्याने तपासणी सुरू होते. जुन्या निकषांवर पेन्शन मिळालेल्या माणसाची परीक्षा आजच्या तक्त्यांवर, म्हणजे अपंगत्वाच्या परिणामांना गुण देणाऱ्या सरकारी तक्त्यांवर, होते, हे तक्ते २०१२ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२३ मध्ये बदललेले आहेत, आणि या तपासणीत पात्रता टिकली नाही तर परवानगी तर मिळत नाहीच, चालू पेन्शनही बंद होऊ शकते. २८ दिवसांत भागणाऱ्या भेटीसाठी हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दीर्घकाळ राहणे अटळ असेल, तर अर्जापूर्वी उपचार करणाऱ्या विशेषज्ञांचे ताजे अहवाल जमवावेत. त्यांत निदान, झालेले उपचार, पुढे सुधारणेची शक्यता आणि रोजच्या कामांत येणाऱ्या अडचणी यांचा ठोस उल्लेख असावा. निव्वळ आजाराच्या नावाला गुण मिळत नाहीत, त्यामुळे शरीराला किंवा मनाला काय करता येत नाही हे अहवालात दिसले पाहिजे. मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या वेल्फेअर राइट्स केंद्राकडून हे कागद एकदा तपासून घेतलेले चांगले. तपासणी ऑस्ट्रेलियात असतानाच होते, म्हणून निकाल हाती येईपर्यंत परत न मिळणारे तिकीट काढू नये.

निकाल विरुद्ध गेला, तर अंतर्गत फेरविचाराची मागणी १३ आठवड्यांच्या आत करावी, म्हणजे निर्णय बदलल्यास थकबाकी मूळ तारखेपासून मिळू शकते. त्यानंतर अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल या स्वतंत्र लवादाकडे जाता येते.