विळा-खुरपं शेवटून घेताना या चुका टाळा

उन्हाळ कांद्याची काढणी लागली की निफाड-चांदवडकडे लोहाराच्या भट्टीपुढे शेवटायला, म्हणजे तापवून नवी धार काढायला, आलेल्या विळ्यांचा ढीग पडतो. पात कापता कापता चार दिवसांत धार गेली, की बोल लोहारालाच. पण पुष्कळ हत्यारं त्याच्याकडून घरी आल्यावर बिघडतात.

तुटका दांडा काढायचा म्हणून कुऱ्हाड चुलीत घालतात. आजोबांची कुऱ्हाड मी अशीच घालवली, त्याची हळहळ अजून आहे. विस्तवात पात्याचं पाणी, म्हणजे लोहाराने आणलेला कडकपणा, उतरतं आणि मग ते लाकडावर नुसतं वळतं. दांड्याचा तुकडा छिन्नीने फोडून काढा. विजेच्या ग्राइंडरचंही तेच. धार निळी पडली म्हणजे ती सुमारे ३०० अंशांपर्यंत तापली, विळ्याचा कडकपणा गेला. दगडावर, पाणी घालत घासा.

नवं घडवून घेताना लोखंड पारखा. नरम सळईत कार्बन कमी असतो, ती कितीही तापवून बुडवा, कडक होत नाही. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद न्या. जस्ताचा मुलामा असलेला पाइप मात्र भट्टीत नकोच, त्याच्या पांढऱ्या धुराने थंडीताप भरतो.

खरी कसोटी पाणी देण्यात, म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून कडक करण्यात. सुमारे ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटेनासं होतं. त्याहून थोडं पुढे, लाल-केशरी रंगावर धार पाण्यात जावी. ठिणग्या उडेपर्यंत तापवलं तर पोलाद जळतं. हा रंग उन्हात दिसत नाही, म्हणून भट्टी सावलीत. 'उजेडात ये दादा' असा आग्रह लोहाराला करू नका.

पाण्यातून निघालेली धार काचेसारखी ठिसूळ असते, दगडाला लागली की टवका उडतो. म्हणून ती घासून चकचकीत करतात आणि पात्याच्या पाठीतली ऊब तिच्याकडे येऊ देतात. मग रंग सरकतात: गव्हाच्या काडीसारखा पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. विळा पिवळ्या-तपकिरीवर थांबवावा, कुऱ्हाड जांभळ्यावर. इथे घाई करायला लावू नका.

शनिवारी लोखंड घेऊ नये असं मानणारे अजून आहेत, त्यांच्या मनाविरुद्ध जाऊ नये. पण रिकाम्या ऐरणीवर पोरांना घण मारू देऊ नका, दोन्ही कडक असल्याने कपची उडून डोळ्यात जाते. खंडेनवमीला हत्यारं धुऊन हळद-कुंकू वाहतो, ती ओलीच राहिली तर गंजतात. आधी कोरडी पुसा, गोडेतेलाचा हात फिरवा, मग पूजेला मांडा.