काटा अडकला म्हणून जेवण तोडू नका

रत्नागिरीत आहाराचा सल्ला द्यायला लागून मला चौदा वर्षं झाली. पहिले पाच-सात किलो उतरले की वजनाचा काटा थांबतो. तिथून पुढे माणसं करतात त्या चुका इतक्या ठरलेल्या आहेत की समोरचं माणूस खुर्चीत बसायच्या आत त्याचं पहिलं वाक्य मला कळलेलं असतं : "ताई, आता रात्रीचं जेवण बंदच केलंय, तरी काटा हलत नाय."

जेवण बंद करू नका. आधी काटा का थांबला ते बघा. पहिल्या पंधरवड्यात भराभर उतरतं त्यात पाणी बरंच असतं. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा कमी होतो आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणीही निघून जातं. पुढे उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक त्याहून जास्त वाढते. ८२ वरून ७४ वर आलेल्या माणसाला रोज दोनेकशे कॅलरी कमी लागतात. सुरुवातीला ठरवलेलं ताट त्याला आता मोठं होतं, इतकंच. यात कुणाचा आळस नाही.

आठ-दहा दिवस काटा हलला नाही म्हणून फोन करणाऱ्यांना मी एकच सांगते : चार आठवडे थांबा. त्या काळात वजनही तेच आणि कंबरेचं मापही तेच राहिलं, तरच मी वजन अडकलं म्हणते. पावसाळ्यात तर घाई नकोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी होते आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेले सुके बोंबील, खारवलेला बांगडा ताटात येतो. त्यातल्या मिठाने अंगात पाणी धरतं आणि काटा किलो-दीड किलो वर दिसतो. त्यातच भाट्याच्या किनाऱ्यावरचं चालणं बंद झालेलं असतं. दर आषाढात माझ्याकडे अशी रडवेली माणसं येतात. चरबी एका आठवड्यात एवढी वाढत नाही, हे त्यांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

डोळ्यांच्या अंदाजाने खाणं

पावस गावाच्या बाजूच्या एक वहिनी तीन महिने वही लिहून आणत होत्या. सकाळी पेज, दुपारी वाटीभर भात, आमटी, एक बांगडा, थोडी सोलकढी, रात्री नाचणीची भाकरी. वहीत खोटं काही नव्हतं. तरी वजन ढिम्म. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तीन माणसांच्या घरात एक नारळ फुटला. एक भकल, म्हणजे अर्धा नारळ, वाटपात गेलं, दुसऱ्याचा रस काढून सोलकढी झाली. खोबरं मी काट्यावर ठेवलं : २८० ग्रॅम. ओलं खोबरं १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी. चोथा टाकला तरी तेलकट भाग रसात उतरतोच. बांगडे रव्यात घोळवून तव्यावर पडले आणि तेल बाटलीतून धारेने आलं. वहिनींच्या ताटात रोज चारेकशे कॅलरी अशा जात होत्या ज्यांना वहीत ओळच नव्हती.

नारळ सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. मी इथलीच आहे. वहिनींना सांगितलं, घराला दिवसाला एकच भकल. सोलकढी आठवड्यातून दोनदा, एरवी नारळाशिवाय कोकमाचं सार. तळलेल्याऐवजी बांगड्याचं तिखलं, म्हणजे नारळाशिवायचं तिखट कालवण. तेलाच्या पिशवीवर उघडल्याची तारीख लिहायची. माझ्या घरी चार माणसांना महिन्याला दोन लिटर तेल येतं आणि तिसरी पिशवी पुढच्या एक तारखेपर्यंत उघडत नाही. ही माझी सवय आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही, पण ती टिकते. वहिनींचं वजन दीड महिन्यात अडीच किलो उतरलं, आणि भात एक घाससुद्धा कमी केला नव्हता.

डॉक्टरांकडे सगळ्यात शेवटी जाणं

ही चूक माझ्याही हातून झाली आहे आणि ती मी विसरलेले नाही. लांज्याच्या एक शिक्षिका चार महिने एकाच आकड्यावर होत्या. मी त्यांचं जेवण दोनदा कमी केलं. त्या दमायला लागल्या, केस गळायला लागले. तिसऱ्या वेळी मी त्यांची औषधांची पिशवी बघायला मागितली. थायरॉइडची गोळी त्या सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या आणि पाठोपाठ कॅल्शियमची. अशी घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. डॉक्टरांनी तपासायला सांगितलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा, अकराच्या वर. मग गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियम निदान चार तासांनी, असं ठरलं. दोन महिन्यांनी रिपोर्ट जागेवर आला. नुसत्या त्याने फार वजन उतरलं नाही, थायरॉइडमुळे वाढतं ते बहुधा थोडंच असतं. पण अंगातला थकवा गेला, त्या पुन्हा चालू लागल्या आणि पोटभर जेवूनही वजन हललं. त्या आधीच्या चार महिन्यांत मी एका आजारी बाईला उपाशी ठेवलं होतं.

आता माझ्याकडे पहिल्याच भेटीत औषधं बघितली जातात. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मनोविकाराची आणि फिट येण्यावरची (आकडीची) काही औषधं वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना जेवण तोडलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस रस्त्यात कोसळू शकतो. पाळी अनियमित असेल, किंवा मोठ्या घोरण्यात श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर तेही सांगा. आणि "मी काय शंभर किलोची आहे?" म्हणून थांबू नका. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की तपासणी करायची.

बाकी थोडक्यात. कोकमाच्या जातीतल्या गार्सिनियाची 'चरबी जाळणारी' पावडर घेऊ नका, अशा पावडरींनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. रोज पाच वेळा वजन करू नका. रात्री बारापर्यंत मोबाइल बघून सकाळी साडेपाचला चालायला जाऊ नका, आधी झोपा. आणि मासळी, अंडी, कुळीथ कमी करून पेजेवर राहिलात तर स्नायू झडतात.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल मात्र मला राग येतो. २०२५ मध्ये मौंजारो नावाचं असं इंजेक्शन भारतात आलं, तेव्हापासून मुंबईचा पुतण्या गणपतीला येताना काकीसाठी त्याचं पेन घेऊन येतो. औषध चांगलं आहे, योग्य माणसाला खरोखर उपयोगी पडतं. पण ते चिठ्ठीवरचं औषध आहे. सुरुवात आठवड्याला अडीच मिलिग्रॅमने करून डोस हळूहळू वाढवतात. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर ते द्यायचंच नसतं, आणि स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि आपल्याकडे श्रावणात दिवस-दिवस वीज जाते. बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं, हेही कुणी सांगत नाही.

तज्ज्ञाकडे जायला आपल्याला बहुधा आंबा घाट चढून कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय गाठावं लागतं. एवढ्या लांब जाऊन भेट दहा मिनिटांची मिळते. म्हणून चार आठवड्यांची वजनं, कंबरेची मापं, गोळ्यांची पाकिटं, गुडघ्यात घेतलेल्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या, वैद्यांची चूर्णं आणि जुने रिपोर्ट आदल्या रात्रीच एका पिशवीत भरून ठेवा.