नावात्ल आणि खासीची तुलना करताना या चुका टाळा

मेक्सिकोची नावात्ल भाषा उटो-अझ्टेकन कुळातली, मेघालयाची खासी ऑस्ट्रोआशियाई. त्यांच्यात काडीचंही नातं नाही, म्हणूनच त्या शेजारी ठेवून बघायला मजा येते. पण नवखे लोक सुरुवातच शब्दयादीने करतात, आणि तिथेच फसतात.

आमच्या अभ्यासगटातल्या एका हुशार मुलाने मोठा तक्ता केला होता. 'मी'साठी नावात्लमध्ये नि-, खासीत ङा. दोन्हीकडे 'कि' आहेच. एवढ्यावरून त्याने प्राचीन स्थलांतर मांडलं, चार महिने घालवले. मी दोनच वाक्यं पुढे ठेवली. नावात्ल 'किक्वा' म्हणजे तो ते खातो. खासी 'कि बाम' म्हणजे ते लोक खातात. पहिला कि खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूचा, दुसरा खाणाऱ्यांचा. तो कितीतरी वेळ गप्प बसला. मलाही वाईट वाटलं.

तेव्हापासून मी सुटा शब्द वहीत घेतच नाही, वाक्य घेते. 'मी मांस खाते': खासीत 'ङा बाम दोह', तीन सुटे शब्द. नावात्लमध्ये 'निनकक्वा', सगळं एकाच शब्दात. मांस म्हणजे नकत्ल, पण इथे -त्ल ही नामाची शेपटी गळाली. 'घर' कल्ली (इथे शेपटी -ली), 'माझं घर' मात्र नोकल. ही शेपटी मुळाचा भाग समजून जुळवाजुळव केली की तक्ता गेलाच.

दुसरी चूक आपल्या मराठी कानाची. नावात्लला व्याकरणिक लिंग नाही. खासीत पुल्लिंगी उ, स्त्रीलिंगी का, आणि सूर्य आहे 'का स्ङी', चंद्र 'उ ब्नाइ'. खासी लोककथेत सूर्य ही बहीण. भाऊ चंद्राने वाईट नजर टाकली म्हणून तिने त्याच्या तोंडावर राख फेकली, तेच त्याचे डाग. 'का स्ङी का मिह', सूर्य उगवतो: का क्रियापदाआधी पुन्हा येतो. मराठी माणूस हमखास 'उ' लिहितो.

'खासीला उपसर्गच नाहीत' असंही लिहू नका. बाम म्हणजे खाणे, जिंगबाम म्हणजे खाद्यपदार्थ.

रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचू नका. खासीचं लेखन १८४१ साली सोहऱ्याला (चेरापुंजीला) आलेल्या वेल्श मिशनरी थॉमस जोन्सने बसवलं, नावात्लचं स्पॅनिश पाद्र्यांनी; तिथे एक्स म्हणजे श.

आणि नावात्लचे दीर्घ स्वर गाळू नका. जेझुइट पाद्री होरासिओ करोचीने आपल्या व्याकरणात १६४५ सालीच त्यांना खुणा दिल्या, घाईतले लोक उतरवताना त्या टाकून देतात. 'मेत्स्त्ली'तला ए लांबवला तर चंद्र, आखूड ठेवला तर मांडी. देवनागरीत हा फरक दिसत नाही, म्हणून मी वहीत लांब ए-वर आडवी रेघ मारते.